इम्तियाज स्टॉपर

इम्तियाजला अंगावर धावून येणारा माणूस आवडायचा. समोरचा चेंडू घेऊन सुसाट निघाला की बाकीची बचावफळी मागं सरकायची आणि इम्तियाज पुढं व्हायचा. धडक बसायची, मातीचा लोट उठायचा, आणि धूळ खाली बसेपर्यंत चेंडू इम्तियाजच्या पायाशी असायचा अन् समोरचा जमिनीवर. वणीच्या कॉलेजात तो स्टॉपर होता, म्हणजे गोलकीपरच्या आधीचा शेवटचा माणूस. त्याला चुकवून पुढं गेलेले फॉरवर्ड मोजके होते, आणि त्यांनाही दुसऱ्यांदा ते जमलं नव्हतं.

घरचा धंदा ट्रकच्या कमानींचा, म्हणजे चाकांवरच्या पोलादी स्प्रिंगांचा. कोळशाने लादलेले ट्रक चंद्रपूर रस्त्याच्या खड्ड्यांत आदळतात, खालच्या कमानीचे पाटे तुटतात. ते काढायचे, भट्टीत लाल करायचे, घणानं ठोकून पुन्हा वाक द्यायचा. बाप कय्युमभाई चिमट्यानं पाटा धरायचे आणि इम्तियाज घण हाणायचा. खांदे तिथंच तयार झाले. खेळाचं म्हणाल तर खाणीच्या वसाहतीतली मोठी माणसं संध्याकाळी फुटबॉल खेळायची, त्यांच्यात घुसून मार खातखात तो शिकला. मार खाल्ला की रडायचं नाही, परत द्यायचा, एवढा एकच नियम तिथं होता.

शेवटच्या वर्षाला आंतरमहाविद्यालयीन सेमीफायनल यवतमाळला होती. यजमान कॉलेजचे शारीरिक शिक्षण संचालक अमरसिंग राठोड रेषेबाहेर उभे होते. उंच, सडसडीत, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यांचा संघ पहिल्या हाफमध्ये एकदाही गोलजवळ पोचला नव्हता. दर वेळी वाटेत इम्तियाज होता. हाफ टाइमनंतर चेंडू दुसऱ्याच कोपऱ्यात असताना एक पोरगा बाजूनं आला आणि स्टड लावलेला बूट त्यानं सरळ इम्तियाजच्या उजव्या गुडघ्यावर घातला. गुडघा आतल्या बाजूला वळला. इम्तियाज पडला, आणि पडल्यापडल्या त्याला रेषेवरचे अमरसिंग दिसले. सगळं ग्राउंड ओरडत होतं. ते मात्र शांतपणे गोलकडे बघत होते, आता तिकडं वाट मोकळी झाली म्हणून.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं. इम्तियाज चालायला लागला, नंतर थोडाफार धावायलाही लागला, पण वळता येईना. वळलं की गुडघा सटकायचा. वळता न येणारा स्टॉपर म्हणजे मैदानात रोवलेला खांब. तो दुकानात परतला. घण मारायलाही पाय लागतात हे त्याला तेव्हा कळलं. भट्टीचा पंखा फिरवत बसायचा आणि गिऱ्हाइकांशी भांडायचा. एका क्लीनरचा दात पाडला, एका ड्रायव्हरला रस्त्यावर लोळवलं. कय्युमभाई रोज कुणाची ना कुणाची माफी मागत.

मग एका दुपारी अमरसिंग दुकानात आले. बोलेरो रस्त्याच्या कडेला लावली आणि सरळ भट्टीपर्यंत चालत आले.

"ओळखलं का बे?"

इम्तियाजच्या हातातला भट्टीचा पंखा थांबला. कय्युमभाईंनी मुलाचा चेहरा पाहिला आणि त्यांना समजलं. हातातला घण त्यांनी खाली ठेवला नव्हताच.

"याच मानसानं तुहा पाय मोडवला ना?"

"मीच," अमरसिंग म्हणाले. "पोट्टा मीच सोडला होता. तुमच्या पोराले काढल्याबिगर मॅच निघतच नव्हती, भाई."

कय्युमभाईंचा घण वर गेला. इम्तियाज लंगडत मधे घुसला, बापाचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. म्हाताऱ्याचा जोर असा की दोघंही भट्टीच्या कडेवर जाऊन आदळले आणि इम्तियाजचा कोपर भाजला. अमरसिंग जागचे हलले नाहीत.

"मले सहायक पाहिजे," ते म्हणाले. "बचाव शिकवाले. साऱ्या विदर्भात तुह्यासारखा स्टॉपर मी पाह्यला नाई. येतं का?"

बापाचं मनगट सोडताना इम्तियाजच्या मनात संताप होता, पण संतापाच्या खाली दुसरंच काही हललं होतं. ज्या माणसाला आपला पाय मोडावा लागला, त्यालाच आपली किंमत नीट कळली होती. बाकीच्यांनी नुसती हळहळ केली होती. भाजलेला कोपर तसाच घेऊन तो दुसऱ्या आठवड्यात यवतमाळला गेला. कय्युमभाई पुढं कितीतरी महिने त्याच्याशी बोलले नाहीत.

सहायक प्रशिक्षकाचं काम म्हणजे सगळं काम. पहाटे ग्राउंडवर फक्कीच्या रेषा मारायच्या, चेंडूत हवा भरायची, पोरांना पळवायचं, कुणाच्या घोट्याला पट्टी, कुणाच्या घरी जाऊन बापाची समजूत. अमरसिंग उन्हं वर आल्यावर येत. आले की ग्राउंड गप्प व्हायचं. त्यांच्या हातात हवेच्या पंपाची रबरी नळी असायची. पास चुकला, नळी. उशीर झाला, नळी. पोरांच्या पोटऱ्यांवर निळे वळ उठलेले असत आणि पोरं ते एकमेकांना मिरवून दाखवत. संघ जिंकत होता. जिंकणाऱ्या संघातले वळ कुणाला खुपत नाहीत.

इम्तियाज बचाव शिकवायचा तो मात्र आपल्या पद्धतीनं. "चेंडूवर जाय. मानूस आपोआप पडते," असं सांगायचा. धडक कशी घ्यायची, खांदा कुठं लावायचा, पाय कधी मागं घ्यायचा. पोरं शिकत होती. पण सामन्याच्या दिवशी हाफ टाइमला अमरसिंग समोरच्या संघातल्या एखाद्याकडं हनुवटी करायचे आणि आपल्या एका पोराला म्हणायचे, "त्याले घरी पाठव." एवढंच. पोरगा मान हलवायचा. थोड्या वेळानं कुणीतरी किंचाळायचं, स्ट्रेचर यायचं. तेवढ्या वेळात इम्तियाज बुटाची नाडी बांधत असायचा, पाण्याच्या बाटल्या मोजत असायचा, काहीतरी करत असायचा.

पहिल्यांदा त्यानं विचारलं होतं. "सर, कायले? आपले पोट्टे असेबी जिंकतात."

"जिंकतीन," अमरसिंग म्हणाले. "पन मले खात्री पाहिजे."

असे बरेच हंगाम गेले. इम्तियाजचं लग्न झालं, शमा यवतमाळला भाड्याच्या खोलीत आली, दोन मुली झाल्या. पदवी असून प्रशिक्षणाचा कोर्स नव्हता म्हणून तो सहायकच राहिला. अमरसिंगांचं नाव विद्यापीठभर झालं. आर्णीला एका सामन्यात प्रेक्षक मैदानात उतरले तेव्हा इम्तियाजनं एकट्यानं तिघांना झोपवलं, एकाचा जबडा निखळला. परतताना बसमध्ये पोरांनी त्याच्या नावाचा घोष केला. अमरसिंगांनी पाठीवर थाप मारली. त्या रात्री त्याला छान झोप लागली. हे नंतर त्यानं शमाला सांगितलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला.

एकदा पुसदला मात्र उलटं झालं. बचावफळीच्या चुकीनं गोल झाला, आणि हाफ टाइमला अमरसिंगांनी पोरांसमोर इम्तियाजच्याच कानशिलात भडकावली. पोरांनी माना खाली घातल्या. इम्तियाजची मूठ वळली, आणि वळलेली मूठ त्यानं ट्रॅकसूटच्या खिशात घातली. सामना जिंकले.

बादल त्या पोरांपैकीच. दारव्ह्याकडच्या तांड्यावरचा, होस्टेलला राहणारा, दगडासारखा भक्कम बॅक. इम्तियाजला त्याच्यात आपलं काहीतरी दिसायचं. समोरचा येत असला की हा मागं सरकत नसे. अमरसिंगांनाही ते दिसलं होतं. हंगाम सुरू झाला तेव्हापासून "घरी पाठव" हा हुकूम बादललाच मिळायला लागला.

हिवाळ्यात ढाणकीला खुली स्पर्धा भरली. बाजाराच्या मोकळ्या जागेत ग्राउंड आखलं होतं, चारी बाजूंनी बांबूचे कठडे, एका कोपऱ्यात लाउडस्पीकर, दुसऱ्या कोपऱ्यात माती भिजवायला आणलेला, पाण्याचा टँकर जोडलेला ट्रॅक्टर. कापसाच्या गाड्या उभ्या करून शेतकरी, हमाल, दुकानदार, पोरंसोरं, सगळे कठड्याला लटकलेले. फायनल यवतमाळचं कॉलेज विरुद्ध ढाणकीचा स्थानिक संघ. स्थानिक संघाचा जीव होता संघदीप नावाचा लेफ्ट विंगर. उमरखेडच्या कॉलेजात शिकायचा, घर तिथलंच. अंगानं काडी, पण चेंडू त्याच्या पायाला चिकटून पळायचा. पहिल्या हाफमध्ये त्यानं बादलला दोनदा चुकवलं आणि दुसऱ्यांदा गोल केला. गावानं फटाके लावले. कठड्याजवळ त्याची आई उभी होती, सत्यशीला. लोक तिला हात लावून लावून मुलाचं कौतुक करत होते.

हाफ टाइमला अमरसिंगांनी बादलला बाजूला घेतलं. हनुवटी संघदीपकडं गेली.

बादलनं इम्तियाजकडं पाहिलं. आधी कधी पाहिलं नव्हतं.

"सर, नको," इम्तियाज म्हणाला. "मी दोघं लावतो त्याच्यावर. बंद करतो त्याले. लेकरू आहे ते, गाव भडकन."

अमरसिंगांनी त्याच्या ट्रॅकसूटची कॉलर गळ्याशी पिळून धरली. चष्म्याच्या काचेत इम्तियाजला स्वतःचंच तोंड दिसलं.

"सहायक हायेस. सहायक राह्य."

कॉलर सुटली. बादल अजून बघत होता. इम्तियाजनं खाली वाकून बाटली उचलली. एवढंच केलं. बादल मैदानात गेला.

दुसरा हाफ सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता. संघदीप रेषेलगत निघाला, बादल समोरून आला. चेंडू केव्हाच पुढं निघून गेला होता. बादलनं दोन्ही पाय उचलून उडी घातली आणि सगळ्या वजनानिशी संघदीपच्या नडगीवर उतरला. इम्तियाजनं आवाज ऐकला. भरलेल्या ट्रकखाली मुख्य पाटा तुटतो तेव्हा असाच आवाज येतो, कोरडा, एकच. नडगीच्या मधोमध पाय वाकला आणि मोज्यातून हाड बाहेर आलं.

क्षणभर कुणी हललंच नाही. मग कठडे तुटायला लागले.

लोक आले ते सगळ्या बाजूंनी. बांबू उपटून हातात घेतलेले, दगड घेतलेले, कुणी बैलगाडीची खुंटी काढून आणलेली. रेफरी पळाला. कॉलेजची पोरं गोलपोस्टच्या मागून पळाली. अमरसिंग बोलेरोकडे धावले, दार लावलं, दोन पोरं दाराला लटकलेली असतानाच गाडी हलली. लाउडस्पीकरवरचा माणूस सारखा म्हणत होता, "प्रेक्षकांना नम्र विनंती आहे, मैदान सोडा. प्रेक्षकांना नम्र विनंती आहे." बादल मात्र जागीच उभा होता. आपण काय केलं ते बघत.

पहिला बांबू त्याच्या मानेवर बसला आणि तो गुडघ्यावर आला. दुसरा बसायच्या आत इम्तियाज पोचला. खराब गुडघ्याचं त्याला भान नव्हतं. त्यानं पहिल्याच्या तोंडावर डोकं आपटलं, नाक फुटल्याचं कपाळाला जाणवलं. दुसऱ्याचा बांबू हिसकून त्याच्याच पोटात घातला. कुणीतरी मागून केस धरले, त्याचा हात त्यानं दातानं फोडला. तोंडात रक्त आलं, कुणाचं ते कळलं नाही. पण माणसं संपत नव्हती. एक पडला की दोन. बादल आता आडवा झाला होता आणि लाथा त्याच्या डोक्यावर पडायला लागल्या होत्या. लढून आता काही होणार नाही हे इम्तियाजला समजलं. तो बादलवर पालथा पडला, त्याचं डोकं आपल्या छातीखाली घेतलं, दोन्ही हातांनी जमीन पकडली.

मग नुसते फटके. पाठीवर, बरगड्यांवर, पायावर. बरगडी मोडली ती त्याला वेगळी कळली. खालून बादल आईला हाक मारत होता, तांड्याच्या बोलीत, "याडी, याडी." इम्तियाजनं त्याला म्हटलं, "हलू नको," आणि बघायला मान जराशी वर केली. कॉर्नरच्या झेंड्याची लोखंडी सळई येताना दिसली. डाव्या डोळ्यानं पाहिलेली ती शेवटची गोष्ट.

गर्दी फोडली ती ट्रॅक्टरनं. स्पर्धेचे आयोजक बाबाराव, साठी उलटलेला माणूस, ट्रॅक्टरवर चढले आणि हॉर्न दाबून धरून सरळ गर्दीत शिरले. जो हटला नाही त्याला चाक लागलं असतं. बाबाराव ट्रॅक्टर थांबवणार नाहीत हे गावाला माहीत होतं, म्हणून गाव हटलं. टँकर सोडून ट्रॉली जोडली. उमरखेडच्या दवाखान्यात न्यायला दुसरं वाहन नव्हतं. अँब्युलन्स कुठंतरी अडकली होती. त्या एकाच ट्रॉलीत त्यांनी संघदीपला घातलं, कठड्याचा बांबू पायाला बांधून. शेजारी बादल, शेजारी इम्तियाज. आणि सत्यशीला.

रस्ता उखडलेला. दर हिसक्याला संघदीप ओरडायचा. गाव मागं पडल्यावर सत्यशीलाबाईंनी पायातली चप्पल काढली आणि बादलच्या तोंडावर मारायला सुरुवात केली. ओरडत नव्हत्या. दात दाबून मारत होत्या. बादलनं हातही वर केला नाही. इम्तियाजनं आपला तळहात मधे घातला. त्या तळहातावर मारत राहिल्या.

हात थकल्यावर त्यांनी विचारलं, "काहून केलं रे? काय बिघडवलं होतं त्यानं तुह्यं?"

बादल म्हणाला, "सरांनी सांगतलं होतं."

"कोन्त्या सरानं? ह्या?"

इम्तियाजच्या अर्ध्या तोंडावर रक्त वाळलं होतं. ट्रॉलीच्या फळीला टेकून तो कसाबसा बसला होता. गप्प राहता आलं असतं. या अवस्थेत त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा कुणी केली नसती.

"अमरसिंग सरांनी सांगतलं," तो म्हणाला. "माह्यासमोर. मी अडवलं नाई."

सत्यशीलाबाईंनी पूर्ण ताकदीनं चप्पल त्याच्या चांगल्या बाजूच्या गालावर मारली, आणि ती चप्पल तिथंच टाकून मुलाचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या.

डोळा गेला. यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी शमाला बाहेर बोलावून सांगितलं, ती आत येऊन पलंगाच्या लोखंडी दांड्याला धरून उभी राहिली. "उसने कितनी बार मारा, तुमने सहा," ती म्हणाली. "आज दूसरे का बच्चा तोड़ा. अब बोलोगे की नहीं?" इम्तियाज म्हणाला, बोलणार.

दोन दिवसांनी अमरसिंग आले. किल्ली बोटाभोवती फिरवत स्टुलावर बसले. पोलीस जबाब घ्यायला येणार आहेत, म्हणाले. सांगायचं की टॅकल साधी होती, गावानंच कट करून हल्ला केला. बादललाही तसंच सांगितलं आहे.

"तुह्यं पर्मनंटचं मी पाहतो. डोळ्याचं काय, एका डोळ्यानं बी शिकवता येते."

इम्तियाजनं हात पुढं केला, जणू हात मिळवायला. अमरसिंगांनी सवयीनं हात दिला. इम्तियाजनं त्यांचा अंगठा पकडला आणि मागं वळवत नेला, सावकाश, जिथवर जातो तिथवर, आणि त्याच्या पुढं. अमरसिंग स्टुलावरून खाली आले, गुडघ्यावर. काळा चष्मा पडला. त्यांचे डोळे इम्तियाजनं एवढ्या जवळून पहिल्यांदा पाहिले. ते भ्यालेल्या माणसाचे होते. अंगठा मोडला तेव्हा शेजारच्या पलंगावरचा म्हातारा उठून बसला. वॉर्डातल्या माणसांनी सोडवेपर्यंत इम्तियाजनं मोडलेला अंगठा धरूनच ठेवला होता. त्याच्या टाक्यांतून पुन्हा रक्त यायला लागलं होतं.

त्या सगळ्या प्रकरणात भराभर हलली ती एकच केस, अंगठ्याची. गावाच्या हल्ल्यात आरोपी अज्ञात जमाव. संघदीपच्या पायाबद्दल खेळातला अपघात. आणि इम्तियाजवर मात्र गंभीर दुखापतीचा गुन्हा, साक्षीदारांसकट. कॉलेजनं त्याला काढून टाकलं. चौकशी समितीपुढं त्यानं सगळं सांगितलं: हनुवटी कशी हलायची, शब्द कुठले, कोणकोणत्या गावी, कोणकोणती पोरं. समितीतल्या एकानं विचारलं, मग इतकी वर्षं आपण काय करत होतात? इम्तियाज म्हणाला, "त्याच्याच संगं होतो." बादलही उभा राहिला. त्यानं पँट वर करून पोटऱ्यांवरचे नळीचे जुने डाग दाखवले आणि खाली बसला. अमरसिंगांना वर्षभर संघापासून दूर ठेवलं. पुढं ते निवृत्त झाले, शाल-श्रीफळ झालं. अंगठा नीट जुळला नाही, म्हणतात. सही करताना त्रास होतो.

अंगठ्याच्या केसमध्ये इम्तियाजनं गुन्हा कबूल केला. वकील कबूल करू नको म्हणत होता. थोडे महिने आत काढून आला तेव्हा वणीच्या दुकानात कय्युमभाईंनी त्याच्यासाठी भट्टीजवळची जागा रिकामी ठेवली होती. कुठं गेलतास, कायले गेलतास, काही विचारलं नाही. "पाटा धर" म्हणाले. एका डोळ्यानं घणाचा अंदाज चुकतो, म्हणून आता बाप घण मारी आणि मुलगा चिमटा धरी. चिमटा धरणाऱ्याच्या तोंडावर ठिणग्या येतात. उरलेला डोळा तो मिटून घ्यायचा.

ढाणकीला तो एकदा गेला. संघदीपच्या पायात सळई होती, पाय आखूड झाला होता. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात तो बसला होता. त्यानं इम्तियाजला ओळखलं आणि मान खाली घालून काम चालू ठेवलं. सत्यशीलाबाईंनी घरात घेतलं नाही. दारातच म्हणाल्या, "तुमी खरं सांगतलं त्यानं ह्याचा पाय लांब झाला नाई." इम्तियाज म्हणाला, "नाई झाला." मग त्या आत गेल्या. परतताना एसटी स्टँडवर एक हमाल त्याच्याजवळ आला, रुंद, हाताच्या पाठीवर दातांची अर्धवर्तुळाकार खूण. त्यानं ती खूण दाखवली. "हे तुह्यं." इम्तियाजनं आपल्या डोळ्याकडं बोट केलं. "आन् हे?" हमाल म्हणाला, "ते माह्यं नाई. पन मारलं तं होतंच मी." बस लागेपर्यंत दोघं एका बाकावर बसले, दोन टोकांना. हमालानं विडी पुढं केली ती इम्तियाजनं घेतली नाही.

वणीच्याच एका छोट्या कॉलेजनं त्याला पुन्हा बोलावलं. प्राचार्य विजयमाला मॅडमना त्याची केस माहीत होती, डोळा दिसतच होता. "मारामारी?" एवढंच त्यांनी विचारलं. "पोरं करनार नाईत," तो म्हणाला. स्वतःबद्दल त्यानं काही सांगितलं नाही, त्यांच्या ते लक्षात आलं. सहायक म्हणूनच घेतला.

गेल्या हंगामात उमरखेडला सामना होता. समोरच्या संघाच्या बॅकनं इम्तियाजच्या फॉरवर्डच्या तोंडावर कोपर मारला, दोन दात मातीत पडले. रेफरीनं पाहिलं नाही. पोरांची माथी फिरली. संघाचा स्टॉपर रेषेजवळ आला, घामानं निथळत, आणि म्हणाला, "सर, सांगा. एक सेकंद लागन मले. त्याचा पाय ठेवत नाई."

इम्तियाजच्या मानेवरची शीर ताठली. त्या बॅकचा पाय त्याला दिसत होता, नडगी कुठं उघडी आहे ते दिसत होतं. हो म्हणावंसं वाटलं. पोराच्या ऐवजी स्वतःच आत जावंसं वाटलं.

"बाहीर ये," तो म्हणाला.

"सर?"

"बाहीर बस. नाई खेळाचं तुले."

बदली खेळाडू संपले होते. संघ दहा जणांनी खेळला, आणि स्टॉपरशिवायच्या बचावाची चाळण झाली. चार गोल खाल्ले. बसमध्ये दात गेलेला पोरगा खिडकीबाहेर रक्त थुंकत होता. स्टॉपर मागच्या सीटवरून मोठ्यानं म्हणाला, "असला भित्रा कोच पाह्यला नाई." इम्तियाज पुढं बसला होता. त्यानं मागं वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर उठला असता. हंगाम संपायच्या आत अर्धी पोरं संघ सोडून गेली, स्टॉपरही गेला. उरली त्यांना घेऊन तो अजून रोज ग्राउंडवर असतो.

त्या दिवशी घरी पोचला तेव्हा शमा भाकरी टाकत होती.

"हारले?"

"हारलो."

"झगडा?"

"नाई."

तिनं त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोटांच्या सांध्यांवरची कातडी सोलून निघाली होती, मधलं बोट सुजून काळं पडलं होतं.

"मंग हे काय?"

"ड्रेसिंग रूमची भिंत," तो म्हणाला.

तिनं तवा उतरवला, हात धरून त्याला मोरीपाशी नेलं आणि जखमेवर पाणी ओतायला लागली. त्याला खूप दुखत होतं. त्यानं हात मागं घेतला नाही.